एक्स्प्लेनर : पडलेल्या सिनेमाचा हिरो ते हिंदी गाण्याचा आवाज बदलणारा संगीतकार, दौंड-मनमाड मार्गावरच्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र कोण होते?

दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी अहिल्यानगर आणि बेलापूर मागे टाकून पुढे गेली की पुणतांबा स्टेशन लागतं. शिर्डीकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. गोदाकाठचं हे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी ओळखलं जातं. २०१७च्या शेतकरी संपाची ठिणगीही याच गावात पडली. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, जी आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. हिंदी सिनेमाच्या गाण्यात सॅक्सोफोन, गिटार, बोंगो आणि रॉक अँड रोलचा ठेका रुजवणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक असलेले संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म इथलाच.

आज शिरूर, दौंड परिसरातली कितीतरी मुलं लॅपटॉपवर ट्रॅक बनवतात, गावच्या डीजेसाठी रिमिक्स करतात आणि स्वतःला 'म्युझिक प्रोड्यूसर' म्हणवतात. हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधी एक मराठी माणूस जवळपास हेच काम करत होता. तेही कॉम्प्युटर नाही, मल्टिट्रॅक नाही आणि चुकलं तर मागे जाण्याची सोय नाही, अशा काळात. त्यांनी हे कसं केलं आणि त्याचं श्रेय कुणाला मिळालं, हे समजून घेऊया.

सी. रामचंद्र म्हणजे नेमके कोण?

पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबा. सिनेसृष्टीत सगळे त्यांना अण्णा म्हणायचे.

त्यांची नावं मात्र एकाहून अधिक आहेत आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. संगीतकार म्हणून ते 'सी. रामचंद्र'. गायक म्हणून रेकॉर्डवर नाव 'चितळकर'. शिवाय काही चित्रपटांना त्यांनी 'राम चितळकर', 'अण्णासाहेब' आणि 'श्यामू' या नावांनीही संगीत दिलं. त्यामुळे जुन्या गाण्यांच्या यादीत अनेक वेगवेगळी माणसं वाटतात, प्रत्यक्षात तो एकच माणूस असतो.

सुरुवात हिरो म्हणून झाली, मग काय बिघडलं?

रामचंद्र यांनी गाण्याचं शिक्षण दोन ठिकाणी घेतलं. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात. नागपूरचे सप्रे गुरुजी म्हणजे वसंतराव देशपांडे यांचेही गुरू. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय संगीताचा होता.

पण त्यांना ओढ होती पडद्याची. दिसायला देखणे, गळा चांगला, आणि त्या काळी हिरोला स्वतः गाता यावं लागायचं. १९३५मध्ये वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' चित्रपटात त्यांना थेट नायकाची भूमिका मिळाली. वय होतं १७च्या आसपास. सिनेमा चालला नाही.

पुढे ते मुंबईत सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये दाखल झाले. तिथे 'सईद-ए-हवस', 'आत्मतरंग' अशा चित्रपटांत किरकोळ भूमिका मिळाल्या. नायकाचा असा एक्स्ट्रा होणं हे कुणालाही खचवणारं असतं. बरेच जण इथूनच गावी परततात.

ते परतले नाहीत. मिनर्व्हातच बुंदू खान आणि हबीब खान या संगीतकारांना हार्मोनियमची साथ करू लागले. चेहऱ्याला काम नव्हतं, बोटांना मिळालं. हा बदल पुढे निर्णायक ठरला. कारण चाल कशी जन्मते, गायकाला कशी शिकवली जाते, वादकांना काय सांगावं लागतं आणि शेवटी रेकॉर्डवर त्यातलं काय उरतं, हे सगळं त्यांना पेटीमागे बसून रोज पाहायला मिळालं.

एक तपशील इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९४० पासून सुमारे तीन दशकं ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती. हे वाद्य परदेशी आहे आणि भारतीय संगीतातल्या श्रुती, मींड त्यावर वाजत नाहीत, असा आक्षेप होता. ज्या वाद्यावर सी. रामचंद्र यांनी आपली कारकीर्द उभी केली, तेच सरकारी रेडिओच्या दृष्टीने उपरं होतं.

पहिला ब्रेक कुणी दिला?

मास्टर भगवान यांनी. म्हणजे भगवान पालव. गिरणगावातला हा मराठी माणूस तेव्हा कमी पैशांत स्टंटपट काढायचा. दोघांची मैत्री जमली. भगवान यांनी काही तमिळ चित्रपट केले, त्यांतल्या 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' (१९४१) यांना रामचंद्र यांनी संगीत दिलं. म्हणजे या मराठी संगीतकाराची खरी सुरुवात तमिळमध्ये झाली. १९४२च्या 'सुखी जीवन'ने हिंदीत नाव झालं. तोही भगवान यांचाच चित्रपट.

पुढे फिल्मिस्तान या मोठ्या कंपनीचं दार उघडलं. १९४६चा 'सफर' आणि १९४७चा 'शहनाई' या चित्रपटांनी ते पहिल्या फळीत आले.

त्यांनी नवीन काय आणलं?

'शहनाई'मध्ये एक गमतीदार गाणं आहे, रविवारी भेटायला बोलावणारं. त्यात अल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि माऊथऑर्गन एकत्र वाजतात, मध्येच शिट्टीही येते. आज यात विशेष काही वाटणार नाही. पण १९४७मध्ये हिंदी गाण्याची साथ प्रामुख्याने तबला, पेटी, सतार, सारंगी, बासरी, व्हायोलिन यांच्यावर उभी होती. त्या वातावरणात हे गाणं वेगळंच वाजलं आणि तुफान गाजलं.

अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या संगीताचा त्यांच्यावर प्रभाव होता. पण परदेशी रेकॉर्ड ऐकणं वेगळं आणि तसा आवाज मुंबईतल्या स्टुडिओत उभा करणं वेगळं. त्यासाठी तसं वाजवणारी माणसं हवी होती. ती सापडली गोव्यातून आलेल्या वादकांमध्ये.

पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य संगीताची लिपी, म्हणजे स्टाफ नोटेशन शिकवलं जायचं. ही मुलं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत. त्यातले एक होते चिक चॉकलेट. मूळ नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे, जन्म १९१६. ट्रंपेट वाजवण्याच्या शैलीमुळे त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटलं जायचं. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. हे चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांचे सहायक झाले.

तेव्हा एक गाणं तयार कसं व्हायचं?

आजच्या प्रोड्यूसरच्या कामाशी तुलना करायची तर ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने पाहूया.

१. चाल : संगीतकार पेटीवर बसून चाल बांधायचा. ती एका सुरांच्या ओळीत असायची. राग असो वा लोकगीत, आपल्याकडची चाल अशीच चालते.

२. लेखन : सहायक ती चाल ऐकून नोटेशनमध्ये कागदावर उतरवायचा.

३. अरेंजिंग : चालीखाली कोणते कॉर्ड बसतील, व्हायोलिन काय वाजवतील, ट्रंपेट कुठे शिरेल, दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत काय येईल, हे ठरायचं. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद तयार व्हायचा.

४. तालीम : गायक आणि सगळे वादक एकत्र सराव करायचे.

५. रेकॉर्डिंग : सगळ्यांनी एका दमात, एकाच वेळी गायचं आणि वाजवायचं. स्वतंत्र ट्रॅक नव्हते. आवाज कमी-जास्त करायचा तर वादकाला माइकपासून लांब किंवा जवळ बसवायचं. हेच त्या काळचं मिक्सिंग. शेवटच्या ओळीत एक जण चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय वेळेचं बंधन होतं. ७८ आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास आवाज मावायचा. तेवढ्यात गाणं जमवायचं.

या साखळीत संगीतकाराचं काम चाल देऊन संपत नसे. कुठलं वाद्य घ्यायचं, कुठला वादक बोलवायचा, कुणाच्या गळ्यात कुठलं गाणं बसेल आणि कितवा टेक ठेवायचा, हा शेवटचा निर्णय त्याचा. आजच्या म्युझिक प्रोड्यूसरचं कामही याच निर्णयांभोवती फिरतं.

'अलबेला' का महत्त्वाचा?

१९५१चा 'अलबेला' हा भगवान आणि रामचंद्र या जोडीचा कळस. गीतं राजेंद्र कृष्ण यांची. नायक स्वतः भगवान, नायिका गीता बाली. भगवान यांच्यासाठी आवाज दिला चितळकर यांनी, सोबत लता मंगेशकर.

यातल्या 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन अशी भलतीच जुळवाजुळव आहे. एका गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच चित्रपटात एक शांत अंगाईदेखील आहे, जिच्यात जॅझचा मागमूस नाही. एकच माणूस एकाच सिनेमात ही दोन टोकं सांभाळत होता.

भगवान यांची संथ, खांदे उडवत नाचण्याची लकब आणि त्याखालचा तो ठेका आपल्याकडच्या वरातींमध्ये कायमचा जाऊन बसला. पितळी वाद्यांचे बँड या चाली सहज वाजवू शकले याचं एक साधं कारण आहे. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट मूळ गाण्यातच होते.

मग हे सगळं उसनं होतं का?

हा आरोप त्यांच्या हयातीतच झाला आणि त्यात काही तथ्यही आहे. १९५०च्या 'समाधी'मधलं गाजलेलं नृत्यगीत लॅटिन धाटणीच्या एका इंग्रजी गाण्याच्या चालीवरून घेतलेलं आहे. दोन्ही शेजारी लावून ऐकली तर साम्य लगेच कळतं.

पण पूर्ण कारकीर्द पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. १९५३च्या 'अनारकली'त त्यांनी ठेक्याचा दंगा पूर्ण बाजूला ठेवला. लताबाईंच्या आवाजातली त्यातली गाणी चाल आणि शब्द यांवरच उभी आहेत. बागेश्री हा त्यांचा लाडका राग. 'अनारकली' आणि १९५५चा 'आझाद' या दोन्ही चित्रपटांत बागेश्रीवर बेतलेली गाणी आहेत. 'आझाद'ची सगळी गाणी तर अगदी थोड्या दिवसांत तयार करावी लागली होती. म्हणजे शास्त्रीय पाया नसल्यामुळे ते पाश्चात्त्य वाद्यांकडे वळले, असं म्हणता येत नाही.

याच काळात वाद्यांवरून आणि ठेक्यावरून देशात मोठा वाद सुरू होता. १९५२मध्ये बी. व्ही. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. सिनेसंगीत उथळ आणि पाश्चात्त्य धाटणीचं आहे, असं त्यांचं मत होतं. ऑल इंडिया रेडिओवरून सिनेगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोहोचली. अखेर १९५७मध्ये सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

'ईना मीना डीका' कसं जन्मलं?

योगायोग असा की त्याच १९५७मध्ये 'आशा' चित्रपट आला. त्यातलं 'ईना मीना डीका' हे हिंदीतलं पहिल्या काही रॉक अँड रोल गाण्यांपैकी एक मानलं जातं. अमेरिकेत बिल हेली आणि एल्व्हिस प्रेस्ली यांनी धुमाकूळ घालून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

या गाण्यामागची गोष्ट अशी सांगितली जाते. संगीताच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती आणि राज्य कुणावर हे ठरवण्यासाठी इंग्रजी बडबडगीत म्हणत होती. त्यावरून सी. रामचंद्र आणि त्यांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांना पहिली ओळ सुचली. गोम्स यांनी त्यात 'माका नाका' घातलं. कोकणीत याचा सरळ अर्थ 'मला नको'. म्हणजे देशभर गाजलेल्या या गाण्यात कोकणी शब्द आहेत आणि निम्म्या लोकांना ती निरर्थक बडबड वाटते. किशोरकुमार आणि आशा भोसले यांच्या आवाजांत त्याच्या दोन आवृत्त्या आहेत.

निर्माता म्हणून काय झालं?

१९५३मध्ये रामचंद्र यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही स्वतःची चित्रपट कंपनी काढली. 'झांझर', 'लहरें' आणि 'दुनिया गोल है' असे तीन चित्रपट केले. त्यांतल्या कशालाच 'अलबेला'सारखं यश मिळालं नाही. संगीतात चालणारा कान पैशाच्या व्यवहारात चालेलच असं नाही, याचं उदाहरण त्यांचे मित्र भगवान यांच्यातही दिसतं. 'अलबेला'ने कमावलेलं पुढच्या चित्रपटांत गेलं आणि भगवान यांना शेवटी दादरच्या चाळीत परतावं लागलं.

१९५९च्या व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'ने सी. रामचंद्र यांना पुन्हा मोठं यश दिलं. पण तोवर लता मंगेशकर यांच्याशी मतभेद होऊन दोघांचं एकत्र काम जवळपास थांबलं होतं. ज्या आवाजासाठी त्यांनी आपली उत्तम गाणी बांधली, तो आवाज हाताशी राहिला नाही. साठच्या दशकात शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांचा वाद्यवृंद बाजारात होता आणि अण्णांकडची कामं कमी होत गेली. गंमत म्हणजे ज्या प्रकारच्या मोठ्या वाद्यवृंदाची वाट रुंद करण्यात त्यांचा हात होता, त्याच वाटेवरून नंतरचे लोक पुढे निघून गेले.

२७ जानेवारी १९६३ ला काय घडलं?

चीन युद्धातल्या पराभवानंतर दिल्लीतल्या नॅशनल स्टेडियममध्ये कार्यक्रम झाला. पंतप्रधान पंडित नेहरू समोर होते. लता मंगेशकर यांनी कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं. नेहरूंचे डोळे पाणावल्याची आठवण आजही सांगितली जाते.

या गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र. मतभेद बाजूला ठेवून दोघं या एका गाण्यासाठी एकत्र आले होते. दर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला आपल्या शाळांच्या मैदानात, ग्रामपंचायतींसमोर हे गाणं लागतं. गायिका कोण हे पोरंही सांगतात. कवी कोण हे शिक्षक सांगतात. चाल कुणाची, हा प्रश्न विचारून पाहा.

या गाण्यात सॅक्सोफोन नाही, बोंगो नाही, उडता ठेका नाही. आवाजासमोर काहीही येऊ दिलेलं नाही. वाद्यांची इतकी हौस असलेल्या माणसाने इथे वाद्यं मागे ठेवली. कुठे काय घालायचं यापेक्षा कुठे काय घालायचं नाही हे ठरवणं अवघड असतं, आणि लॅपटॉपवर शंभर ट्रॅक मोकळे असणाऱ्यांसाठी तर ते जास्तच अवघड आहे.

मराठीत त्यांनी काय केलं?

हिंदीतली कामं ओसरल्यावर ते मराठीकडे वळले. 'धनंजय' (१९६६) आणि 'घरकुल' (१९७०) या चित्रपटांना संगीत दिलं, त्यांत भूमिकाही केल्या. अनेक वर्षांपूर्वी सुटलेला पडदा असा पुन्हा हाती आला. 'घरकुल'मधली गाणी आजही मराठी घरांत ऐकली जातात. ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'लाही त्यांनी संगीत दिलं. १९७७मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं.

५ जानेवारी १९८२ ला त्यांचं निधन झालं. ६४वा वाढदिवस आठवड्यावर होता.

कारकीर्द एका नजरेत

• १९१८ : पुणतांबा येथे जन्म
• १९३५ : 'नागानंद'मध्ये नायक
• १९४२ : 'सुखी जीवन', हिंदीत संगीतकार म्हणून ओळख
• १९४७ : 'शहनाई'
• १९५१ : 'अलबेला'
• १९५३ : 'अनारकली', स्वतःची निर्मिती संस्था
• १९५५ : 'आझाद'
• १९५७ : 'आशा'
• १९५९ : 'नवरंग'
• १९६३ : 'ऐ मेरे वतन के लोगों'
• १९७० : 'घरकुल'
• १९८२ : निधन

आज हे का समजून घ्यायचं?

मुद्दा श्रेयाचा आहे. सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत वाजवणाऱ्या बहुतेक गोवेकर वादकांची नावं रेकॉर्डवर कधी छापली गेली नाहीत. चिक चॉकलेट १९६७मध्ये गेले, जॉन गोम्स हे नाव तर संगीताच्या अभ्यासकांपलीकडे फारसं कुणाला माहीत नाही. व्हायोलिन आणि ट्रंपेटचे कागद लिहिणारे हे लोक पडद्यामागेच राहिले. आणि ज्यांच्या नावाखाली ते काम झालं, त्या अण्णांचं नावही आता गाण्याआड गेलं आहे.

शिरूर किंवा दौंडमधला एखादा मुलगा आज गावातल्या गायकासाठी ट्रॅक बनवतो, दुसऱ्याकडून ढोलकी वाजवून घेतो, तिसऱ्याकडून मिक्स करून घेतो. व्हिडिओ अपलोड होतो तेव्हा नाव गायकाचं आणि चॅनेलचं असतं. ढोलकीवाल्याचं नाव डिस्क्रिप्शनमध्ये टाकायला एक मिनिटही लागत नाही. १९५१मध्ये रेकॉर्डच्या गोल लेबलवर जागाच नव्हती, असं तरी म्हणता येत होतं. आज ती सबब उरलेली नाही.

आता एक सोपी गोष्ट करून पाहा. फोनवरच्या म्युझिक अॅपमध्ये आधी 'चितळकर' शोधा, मग 'सी. रामचंद्र' शोधा. बऱ्याच ठिकाणी ही दोन वेगळी माणसं म्हणून दिसतील. दोन्ही याद्यांतलं एकेक गाणं हेडफोन लावून ऐका. गायक जिथे थांबतो, तिथे कोणतं वाद्य शिरतं याकडे लक्ष द्या. पुणतांब्याच्या या माणसाचं आणि त्याच्या वादकांचं काम त्याच जागेत ऐकू येतं.